खुशालीचा धूर

मी चूल बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. माझ्यावर आजवर कुणी साधं पाणीही तापवलेलं नाही. सरहद्दीवरच्या किल्ल्याच्या सर्वांत उंच बुरुजावर मी बसते आणि धूर सोडते. राजवाड्यातल्या चुली पोट सांभाळतात, मी राज्य सांभाळते. थोडा गर्व आहे मला, तेवढा चालवून घ्या.

मला बांधणारा गवंडी डावरा होता. त्याने माझं तोंड आपल्या हाताच्या सोयीने ठेवलं. पुढे जो कुणी जाळ घालायला आला, त्याने स्वतःच्या मिशा होरपळून घेतल्या आणि शिव्या मला घातल्या. मग मावशी आली. तिचा नवरा याच तटावर लढताना गेला होता, पदरात एक मुलगी होती. मावशीही डावरी. पहिल्याच दिवशी तिने लाकडं नीट रचली, माझ्या काठावरची काजळी पुसली आणि म्हणाली, "तुझं काही चुकत नाही गं. तुझ्याशी कुणी धड वागलंच नाही." त्या दिवसापासून मी तिची झाले.

आमची रीत ऐकायला उलटी वाटेल. इतर ठिकाणी संकट आलं की जाळ करतात. आमच्याकडे सगळं ठीक असलं की धूर करायचा. दुपार कलली की सरहद्दीच्या प्रत्येक किल्ल्यावरून काळा, सरळ धूर चढायचा. एखाद्याचा धूर दिसला नाही, की शेजारचे स्वार घोड्यांवर खोगीर चढवायचे. पलीकडच्या डोंगरातले लुटारू लांब शिंगांच्या थोराड एडक्यांवर बसून यायचे. ते दारात आल्यावर चूल पेटवायला सवड कुणाला मिळणार?

मुलगी मोठी झाली आणि शेजारच्या किल्ल्यावरच्या नालबंदाशी तिचं लग्न झालं. ती गेली त्या दिवशी मावशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र धूर संपत आल्यावर तिने डाव्या बाजूच्या ढिगातला मूठभर ओला पाला माझ्या तोंडात टाकला. काळ्या धुराला पांढरं शेपूट फुटलं. थोड्या वेळाने पलीकडच्या तटावर कुणीतरी लाल पांघरूण झटकलं. "जेवलीस का?" "जेवले." एवढंच बोलणं. पण ते झालं की मावशीचा जीव भांड्यात पडायचा. पुढे हे रोजचंच झालं.

एकदा किल्लेदार वर आला.

"मावशी, राज्याच्या धुराला शेपूट कसलं?"

"वारा आहे, साहेब."

"रोज? याच वेळी?"

"शिस्तीचा आहे हो वारा."

किल्लेदार मिशीतल्या मिशीत हसला आणि खाली उतरला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. भला माणूस होता.

मग एका दाट धुक्याच्या सकाळी घात झाला. मागचा कडा घोड्याला चढता येत नाही, म्हणून तिकडे पहाराच नव्हता. एडका म्हणजे घोडा नव्हे, हे आमच्या शहाण्यांच्या ध्यानात यायचं राहून गेलं होतं. लुटारू मागून आले आणि शिपाई हत्याराला हात घालायच्या आत किल्ला त्यांच्या ताब्यात गेला. दुपारी धुकं उठल्यावर त्यांचा म्होरक्या बांधलेल्या किल्लेदाराला घेऊन माझ्यापाशी आला.

"काळा आणि सरळ. तुमची रीत मला ठाऊक आहे, म्हातारे. आज रात्री आम्हाला शेजारी पाहुणे म्हणून जायचंय. धूर चुकला, तर याची मान जाईल."

शेजारी म्हणजे जिथे मावशीची लेक होती तिथे. धूर केला नाही तर किल्लेदार जाणार, केला तर लेक. मावशीने मला पेटवलं. मी इतकी वर्षं जळतेय, पण त्या दिवशीसारखी धास्ती कधी घेतली नव्हती. धूर काळा निघाला, सरळ निघाला. संपत आला, आणि तिचा डावा हात सवयीने पाल्याच्या ढिगाकडे गेला. बोटं पाल्याला लागली. मग तिने तो हात मागे घेतला आणि काखेत घट्ट दाबून धरला.

"शहाणी आहेस," म्होरक्या म्हणाला.

पलीकडच्या तटावर लाल पांघरूण आलं. झटकलं गेलं नाही. तसंच थांबून राहिलं, आणि मग दिसेनासं झालं.

पुढचं मला जावयाने सांगितलं, माझ्यापाशी हात शेकत. लेक धावत त्यांच्या किल्लेदाराकडे गेली होती.

"आईच्या धुराला आज शेपूट नाही."

"विसरली असेल."

"ती जेवायला विसरेल, साहेब. मला विचारायला विसरायची नाही."

किल्लेदार दाढी खाजवत बसला. तोवर जावयाने घोडा काढलासुद्धा. "बायकोचं ऐकलं नसतं, तर पुन्हा घरात कुठल्या तोंडाने शिरणार होतो?" तो मला म्हणाला. त्याच्यामागून दहा निघाले आणि दहांच्या मागून सगळे.

स्वार पोहोचले तेव्हा लुटारू आमच्या कोठारावर ताव मारत होते. त्यांच्या एडक्यांनी भाजीचा मळा फस्त केला होता आणि फुगलेली पोटं घेऊन ते आडवे पडले होते. पळायचं कशावर? अंधार पडायच्या आत सगळे लुटारू जेरबंद झाले. लेकही स्वारांच्या मागोमाग आली होती. मावशीने तिला कुशीत घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "एवढ्या उन्हात डोक्यावर काही घ्यायचं नाही का गं?" मग मात्र दोघी पोटभर रडल्या. मला रडता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

दरबाराला ही हकीकत कळली आणि दरबाराने दरबारासारखंच केलं. हुकूम सुटला: यापुढे प्रत्येक किल्ल्याच्या धुराला पांढरं शेपूट असलंच पाहिजे. ते नीट निघतं की नाही हे पाहायला एक अधिकारीही नेमला. आता सगळी सरहद्द शेपटं हलवते. मावशी चार दिवस धुसफुसत होती. "आमच्या मायलेकींचं बोलणं होतं ते, यांनी त्याची कवायत केली."

पाचव्या दिवशी मात्र ती माझ्याशेजारी बसून एकटीच हसली, आणि धुरात तिने काहीतरी केलं. पलीकडून लगेच उत्तर आलं.

आता मावशीचे गुडघे दुखतात. पायऱ्या चढताना ती तीनदा टेकते, पण जाळ दुसऱ्या कुणाला घालू देत नाही. तुम्ही कधी या वाटेने आलात, तर दुपार कलताना जरा वर बघा आणि मुकाट्याने पुढे जा. ती नवी खूण कोणती, हे मला विचारू नका. तो अधिकारी विचारून थकला. उद्या लुटारू आले तरी माझ्याकडून काढून काढून काय काढतील? राख.