चमच्याला एक भोंगा

१९५६ सालच्या वैशाखात धरणगावजवळच्या एका खेड्यातून निरोप आला, आणि जळगावच्या दवाखान्याची मोटार भर दुपारी निघाली. गाडीवर झुलाल, सोबत नर्स प्रमिलाबाई.

तीन वर्षांची झुंबर हगवण-उलट्यांनी पार गळून गेली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"जे दिधं ते बठ्ठं वकी टाकस, बाई," तिची आई भिकुबाई म्हणाली.

मायलेकींना गाडीत घेऊन प्रमिलाबाई साखर-मिठाचं पाणी चमच्याने द्यायला लागल्या. झुंबरने दात घट्ट मिटले. गोंजारून झालं, दटावून झालं, चमचा काही आत जाईना. पोरगी रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. प्रमिलाबाईंना त्याचीच धास्ती वाटत होती.

तेवढ्यात म्हशी आडव्या आल्या. झुलालने रबरी भोंगा दाबला. झुंबर रडायची थांबली.

"आखो," ती पुटपुटली.

"आणखी हवाय? मग आधी एक चमचा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

झुंबरने तोंड उघडलं. भोंगा वाजला. ती पुन्हा "आखो" म्हणाली.

विनाकारण भोंगा वाजवणाऱ्यांचा झुलालला भारी राग. आता मात्र रिकाम्या रस्त्यावर तोच वाजवत सुटला. बैलगाड्या बाजूला झाल्या, शेतातली माणसं डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"जरा दमानं पाजा, बाई," तो म्हणाला. "हात दुखायला लागला."

"दमानंच पाजतेय. घाई केली तर उलटून टाकेल."

पाळधीला हवालदाराने गाडी अडवली. "काय रे, कोणाला ऐकवतोस?"

"पोरीला औषध चाललंय, साहेब."

हवालदाराने आत डोकावून पाहिलं. प्रमिलाबाईंनी भरलेला चमचा दाखवला. त्याने इकडेतिकडे नजर टाकली आणि स्वतःच भोंगा दाबला. झुंबर घटकन प्यायली.

"जा आता," तो गंभीरपणे म्हणाला.

जळगावच्या अलीकडे मांडीवरच्या झुंबरने प्रमिलाबाईंचं पांढरं लुगडं ओलं केलं. भिकुबाई ओशाळून पोरीला उचलायला गेली.

"राहू द्या, राहू द्या," प्रमिलाबाई हसत म्हणाल्या. "अंगात पाणी टिकलं, म्हणून तर हे झालं."

दवाखान्यात डॉक्टरांनी झुंबरला तपासलं, ठेवून घेतलं आणि आता भीती नाही म्हणून सांगितलं. ते ऐकून भिकुबाई तिथेच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. झुंबर मात्र डॉक्टरांच्या तपासायच्या नळीचं टोक दाबून ती वाजते का ते बघत होती.