डोक्यावर पितळी स्क्रू असलेला राजा

मी एक जुना काळा राजा आहे. राजा म्हटल्यावर लगेच सावरून बसू नका, मित्रांनो. माझं राज्य चौसष्ट घरांचं, उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी, आणि जन्माचं काम एकच: हरणं.

एका सुताराने मला लेथवर फिरवून घडवलं. आम्ही बत्तीस जण एकाच लाकडाचे. निम्म्यांना काळा रंग लागला, निम्म्यांना नुसतं पॉलिश. सुरुवातीची वर्षं मी मोठ्या माणसांच्या हातात काढली. मोठी माणसं हरली की त्यांचं डोकं दुखत असतं. जिंकलेल्या माणसाचं डोकं दुखल्याचं मात्र मी एकदाही ऐकलं नाही.

पुढे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आणलं. तिथे ते दर रविवारी सकाळी लहान मुलांना शिकवत. पटावर तिघेच उभे करत: पांढरा राजा, पांढरा वजीर आणि समोर मी एकटा. "डाव मांडायला कुणालाही येतं," ते म्हणत, "आधी संपवायला शिका." शह म्हणजे माझ्यावर हल्ला. हल्ला झाला आणि सुटकेला वाटच उरली नाही, की मात. पण हल्ला नाही आणि हलायलाही जागा नाही, असं झालं तर डाव बरोबरीत. जिंकत आलेल्या मुलाला बरोबरीइतका राग कशाचाच येत नाही.

एका मुलाने पहिली मात केली तेव्हा आनंदाच्या भरात मला उचलून टेबलावर असं आपटलं की माझा मुकुटच उडाला. आजोबा रागावले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या डोक्यात एक पितळी स्क्रू बसवला. "गजराच्या घड्याळातला आहे," ते म्हणाले, "आता तरी याला वेळेवर मात होईल."

मग प्लॅस्टिकचा नवा संच आला. चकचकीत राजाभोवती मुलांची झुंबड उडाली आणि मी वर्षभर पेटीच्या तळाशी पडून राहिलो. तळाशी पडलं की कोण किती दिवस आठवण काढतं, ते बरोबर कळतं. आठवण काढली ती आजोबांनीच. नवशिक्यांसाठी त्यांनी मला पुन्हा बाहेर घेतलं.

त्या नवशिक्यांत एक सात वर्षांची मुलगी होती. तिला सगळे ठिणगी म्हणत. माझा मुकुट उडवणारा तो मुलगा हिचाच दादा. आता तो खिडकीजवळच्या टेबलावर घड्याळ लावून खेळायचा. त्या टेबलावर जायचं तर आधी माझ्यावर मात करून दाखवावी लागे. ठिणगीचा जीव त्या टेबलात अडकला होता.

आजोबांची युक्ती सोपी होती. वजीर माझ्यापासून घोड्याच्या उडीएवढ्या अंतरावर ठेवायचा. मी जिकडे सरकेन तिकडे त्यानेही तेवढंच सरकायचं. असा मी आपोआप कडेला जातो, मग कोपऱ्यात. कोपरा आला की मात्र वजिराने थांबायचं आणि आपला राजा जवळ आणायचा. ठिणगीला थांबणं माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात शिरलो की ती वजीर अजून एकदा तस्साच सरकवायची. शह नाही, मला घरही नाही. बरोबरी! ओळीने तीन रविवार हेच.

चौथ्या रविवारी ती आल्या आल्या म्हणाली, "आजोबा, आज नाही जमलं तर मी येणं बंद."

"बरं," आजोबा म्हणाले. "मग या म्हाताऱ्या राजाला हरवणार कोण?"

"दादा आहे की."

"त्याला आता खिडकीजवळून मान वळवायला तरी वेळ आहे का? बोलाव त्याला. आज काळा राजा तोच चालवेल."

दादा आला, ऐटीत बसला. "चल गं, कर लवकर बरोबरी. मला माझा डाव आहे."

मित्रांनो, जगातले सगळे राजे जिंकायला बघतात. त्या दिवशी मी एकटाच हरायला आतुर होतो. पोर यायची बंद झाली असती, तर माझ्या हरण्याला काय अर्थ होता?

कड आली. कोपरा आला. दादाने मला आत सरकवलं आणि हसू दाबलं. ठिणगीचा हात वजिराकडे निघाला. आजोबांचा नियम कडक: मोहऱ्याला हात लागला की तेच हलवायचं. बोट वजिरापासून तांदळाएवढं दूर असताना ती थबकली. हात मांडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या शेजारच्या घरांवरून फिरवू लागली. आजोबांनी शिकवलेली ही रीत तिने कधी पाळली नव्हती, कारण दादा हसायचा.

तो हसलाच. "बघा, बोटाने मोजतेय! बाळ आहे अजून."

"तू गप रे. वजीर तिकडे नेला तर हे घर गेलं. हे गेलं. हेही गेलं." बोट माझ्यापाशी थांबलं. "मग हा बिचारा जाणार कुठे?"

तिने मांडीखालचा हात काढला आणि लांब, पार दुसऱ्या टोकाला रेंगाळणारा आपला राजा उचलला. एक घर पुढे. दादाचं हसू मावळलं. मी दोन घरांत येरझाऱ्या घालत होतो आणि तिचा राजा एकेक पाऊल टाकत येत होता. एकदाही घाई नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा वजीर मला खेटून येऊन बसला. त्याला मारावं, तर पाठीशी त्याचा राजा.

"मात," ती हळूच म्हणाली. मग आजोबांकडे बघून, "हो ना?"

"मला काय विचारतेस? बोट फिरव."

तिने फिरवलं. एकही घर उरलं नव्हतं. दादाने हात पुढे केला. मला वाटलं, आता पुन्हा आदळणार. पण त्याने माझ्या स्क्रूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा मी मोडला होता. नीट आडवा कर."

तिने मला दोन बोटांनी अलगद निजवलं. मग स्वतःच पुन्हा उभं केलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर घेऊन गेली. "प्लॅस्टिकवाला नको," तिने दादाला बजावलं, "तुझा राजा हाच. मी याच्याशीच खेळणार."

मित्रांनो, तुमच्याही पेटीत एखादा टवका उडालेला राजा असेल. त्याला आपटू नका, तळाशी विसरू नका. आणि जिंकत आलात की क्षणभर हात दाबून धरा, समोरच्याच्या घरांवरून बोट फिरवा. आता मला जाऊ द्या. ठिणगीने घड्याळ दाबलंय, आणि चाल माझी आहे.