उजवी बाही

मी एक स्वेटर. म्हणजे तसा पाऊणच. पाठ आहे, पोट आहे, गळा आहे, डावी बाही आहे. उजव्या बाजूला नुसतं भोक. हसू नका, ऐका.

मला विणायला घेतलं, तेव्हा सुट्टी अवघ्या पंधरा दिवसांवर आली होती. मला विणणारी बाई शाळेत शिकवते. सुट्टीत तिचा भाऊ बायकामुलांना घेऊन येणार होता आणि यंदा प्रत्येकाला आपल्या हातचंच काहीतरी द्यायचं, असं तिच्या मनाने घेतलं. मुलांच्या टोप्या झाल्या, वहिनीचा मफलर झाला, भावाचे मोजे झाले. मी बाबांचा, म्हणून शेवटी. घरातल्या माणसाचा नंबर नेहमी असाच लागतो.

मग काय, नुसती धांदल. भाजी गॅसवर आणि मी मांडीवर. भाजी दोनदा करपली. बाबा दोन्ही वेळा मुकाट्याने जेवले.

बाबा छापखान्यातले जुळारी. चाळीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. न बघता, नुसत्या बोटांनी अक्षर ओळखायचे आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

एका संध्याकाळी ते शेजारी येऊन बसले. उजवा हात माझ्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाले, "छकुले, हाताला लागतच नाही गं."

"आहेच तशी मऊ," बाई खूश झाली. "चार दुकानं पालथी घातली, तेव्हा मिळाली ही लोकर."

"तसं नाही गं, मी काय म्हणतो..."

"थांबा बाबा, टाके मोजतेय. चुकले तर सगळं उसवावं लागेल."

ते थांबले. बराच वेळ थांबले. ती बत्तीस, चौतीस करत होती आणि इतकी आनंदात होती की त्यांना तिचा विरस करवेना. "छान होतोय," म्हणाले आणि उठले. मी ओरडून सांगितलं असतं हो, पण मला तेव्हा गळासुद्धा नव्हता.

चार दिवसांत गळा झाला, डावी बाही झाली. पाचव्या दिवशी सकाळी दाढी करताना बाबा कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी हात बधिर होतो वगैरे काही म्हणाले होते का?"

"नाही," बाई म्हणाली. मग पिशवीतल्या माझ्याकडे तिची नजर गेली आणि तिने पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

सुट्टी लागली. बाबांना घरी आणलं, भाऊ आला, टोप्या-मोजे वाटून झाले. एके दुपारी बाई मला उसवायला बसली. भावाने मला तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, "वेडी आहेस का? त्यांनी सांगितलंच नाही, तर तुला कळणार कसं?"

"सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "मीच मोजत बसले."

वहिनीने माझे तुकडे जोडून मला बाबांच्या अंगात घातलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. बाई त्यांना भरवते, तोंड पुसते, तासन्‌तास समोर बसून राहते. बाहीचं नाव काढायची मात्र घरात कोणाची छाती होत नाही.

बाई, रागवायचं तर माझ्यावर रागव. पण सुया हातात घे. बाबांना त्या हाताची थंडी कळत नाही, म्हणून ते कुरकुरत नाहीत. हात मात्र रोज गार पडतो गं.