गोळी कुणाची, ते विचारायचं नाही

मी बंदुका दुरुस्त करते. बाईमाणूस आणि बंदुका, असं म्हणत भुवया उंचावणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ दार दाखवते. वडील गेले तेव्हा दुकान खरं तर दादाने घ्यायचं होतं, पण त्याला लहानपणापासून लाकडाचं वेड. दुकान माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे मलाच ते इतकं आवडायला लागलं की आता कुणी मागितलं तरी देणार नाही.

आमच्या गावाला लागून नदी आहे, आणि नदी हीच सरहद्द. पुलापलीकडे दुसरा देश. रानडुकरांना त्याचं काही पडलेलं नाही. ती इकडची शेतं उकरतात, पोहत तिकडे जातात आणि तिकडची उकरतात. माणसांचं मात्र तसं नाही. तिकडे प्रत्येक शिकाऱ्याच्या गोळीवर त्याचा नंबर कोरलेला असतो. गोळी ज्याच्या नंबराची, जबाबदार तो. कुणी झाडली, कशी झाडली, हे त्याने सिद्ध करत बसायचं. आमच्याकडे सगळं याच्या उलट. शिकारीला टोळीने जायचं, आणि निघण्याआधी सगळ्यांची काडतुसं एका चामडी पिशवीत टाकायची. ती हलवून प्रत्येकाला तीन-तीन वाटायची. म्हणजे ज्याच्या बंदुकीत जे काडतूस असेल ते त्याचं नव्हेच. जनावर पडलं तर ते सगळ्यांचं, आणि देव न करो, काही वाईट झालं तर तेही सगळ्यांचं. गोळी कुणाची, ते विचारायचं नाही. आजोबांच्या काळात सरकारनेही हे मान्य करून कायद्यात घातलं: टोळीत अपघात झाला तर सगळ्यांच्या बंदुका वर्षभर जमा, आणि फाईल बंद.

वाटप करायचं काम बंदूकवाल्याचं, म्हणजे माझं. पिशवीकडून तोंड फिरवून उभं राहायचं, हात पिशवीत घालायचा आणि काय हाती लागलं ते बघायचं नाही. मी कधी बघितलं नाही. पण बोटांचं काय करू? पंचवीस वर्षं काडतुसं हाताळल्यावर बोटांना सगळं आपोआप कळतं. पलीकडच्या काडतुसाच्या पितळी बुडाला एक जास्तीची खाच असते. ज्या शिकारीबद्दल सांगतेय, त्या दिवशी टोळीत पलीकडचा एकच पाहुणा होता, गुरांचा डॉक्टर. त्याची तीनच काडतुसं पिशवीत होती. त्यातली दोन मी दादाच्या हातात ठेवली आणि एक सुताराच्या.

सुतार म्हणजे दादाचा भागीदार. वीस वर्षं दोघांचा एकच कारखाना, एकच चहाची किटली, आणि भांडणंही रोजची, तीच ती. त्या दिवशी दुपारी तो झुडपात मेला, छातीत गोळी लागून. त्याच्या खिशात त्याची तिन्ही काडतुसं जशीच्या तशी सापडली.

आणि दवाखान्यात काढलेल्या गोळीवर नंबर होता, एवढं माझ्या कानावर आलं. म्हणजे दोन आणि दोन चार. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. रिवाज आहे ना, मग मी कोण तोडणार, असं स्वतःला सांगत राहिले. खरं सांगायचं तर दादा माझा सख्खा भाऊ आहे, आणि एवढं मोठं कारण हाताशी असताना मला दुसरं काही नकोच होतं.

सहा आठवडे गेले. मग एका मंगळवारी दुकानात एक बाई आल्या. अंगात पावसाळी कोट, हातात कागदांची जाडजूड फाईल. मी एका दुनळी बंदुकीचा घोडा उघडून बसले होते.

"मी डॉक्टरांची बायको," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या."

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"तुमच्या दवाखान्यातून आमच्याकडे कागद आलाय. गोळीवर आमचा नंबर आहे. परवा सुनावणी आहे. त्यांनी तोंड उघडलं नाही तर तीन वर्षं तुरुंग, आणि डॉक्टरकीचा परवाना कायमचा जाईल."

"मग त्यांनी सांगावं ना, की मी झाडली नाही म्हणून!" मी म्हटलं. घाबरले की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड.

"ते काही सांगत नाहीत. मी रडले, भांडले, पोरीची शपथ घातली. ते एकच म्हणतात: त्या लोकांनी मला आपल्यात घेतलं, पिशवीवर हात ठेवून मी शब्द दिलाय. त्यांच्या रिवाजात विचारत नाहीत, तर मीही सांगणार नाही." त्यांनी फाईल माझ्या टेबलावर, तेलाच्या चिंध्यांवरच ठेवली. "ताई, मी तुम्हाला एकच विचारते. तुमचा रिवाज पाळायला माझाच नवरा सापडला का? तुम्ही सगळे घरी जेवताय आणि तो एकटा तुमच्यासाठी गप्प बसलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर नाही, माझ्यावरच. ज्या देशात गोळ्यांवर नंबर घालतात तिथला माणूस आमच्या पिशवीची लाज राखत होता, आणि आम्ही आठ-नऊ घरं त्याच पिशवीमागे लपून बसलो होतो. मी हात पुसले. दुकानाला कुलूप लावलं.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"माझ्या भावाकडे."

कारखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. दादा एका कपाटाच्या दारावर रंधा मारत होता. सुताराने घेतलेली कामं होती ती, दादाने गेल्या सहा आठवड्यांत एकेक करून पुरी करत आणली होती. पहाटे येतो आणि अंधार पडल्यावर घरी जातो, जेवायला बोलावलं तर नको म्हणतो. गावातले लोक म्हणत, काय मैत्री, बघा! ते ऐकून मला ओरडावंसं वाटे.

मी बाईंना दारात थांबवलं आणि आत गेले.

"दादा," मी म्हटलं, "ती गोळी तुझ्या बंदुकीतली होती ना?"

रंधा थांबला. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, आता हा माझ्यावर हात उगारेल, निदान शिव्या तरी घालेल. तो लाकडाच्या भुश्यात मटकन खाली बसला.

"सहा आठवडे झाले," तो म्हणाला. "कुणी तरी विचारेल म्हणून वाट बघतोय. पोलिसांनी विचारलं नाही. टोळीतलं कुणी विचारलं नाही. रस्त्यात भेटले की खांद्यावर हात ठेवतात, म्हणतात, आपल्या सगळ्यांचंच आहे ते. अगं, सगळ्यांचं कसं? घोडा मी दाबला!"

माझा भाऊ पन्नाशीचा आहे. त्याला असं हुंदके देऊन रडताना मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि पलीकडच्या डॉक्टरचं सगळं सांगितलं. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नंबराची गोळी आपल्या बंदुकीत होती हेसुद्धा नाही.

"तो आत जाणार? माझ्यासाठी?" तो उठलाच. "पूल किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

"आधी वहिनीला सांग," मी म्हटलं. "तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

सुताराची बायको, आम्हा दोघांची वहिनी, कारखान्याच्या वरच राहते. आम्ही तिघं जिना चढून गेलो. वहिनी खिडकीशी बसून मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. दर रविवारी मी तिच्याकडे जायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे, तिच्याबरोबर उगी बसायचे. आज मंगळवारी मला पाहून, मागे दादाला आणि अनोळखी बाईला पाहून तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

दादा दारातच उभा राहिला. "वहिनी, मी मारलं त्याला," तो म्हणाला. "माझी गोळी होती."

"बसा, भावजी," ती म्हणाली. " सगळं सांगा. कसं झालं, ते मला आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही. कोण कुठे उभं होतं ते सांगितलं की कुणाची गोळी ते कळतं, म्हणून प्रत्येक जण 'मला काही दिसलं नाही' म्हणतो. माझा नवरा कसा मेला ते मला ठाऊक नाही हो."

आणि दादाने सांगितलं. सुताराच्या बुटात मोजा गोळा झाला होता. तू हो पुढे, मी आलोच, म्हणून तो मागे राहिला आणि झुडपाआड खाली बसला. दादा वळण घेऊन वर गेला. मागच्या बाजूने डुक्कर निघालं असा कुणी तरी आवाज दिला. झुडूप हललं. तपकिरी काही तरी दिसलं. दादाने घोडा दाबला.

"तो काही म्हणाला का?" वहिनीने विचारलं.

दादाने नुसती मान डोलावली.

"भावजी, काय म्हणाला तो?"

"म्हणाला, अरे, मी आहे रे."

वहिनीने तोंडावर पदर घेतला. पलीकडच्या बाई जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसल्या. मशीनमध्ये अर्धा शिवलेला अभ्रा तसाच अडकून होता, आणि तो कुणी सोडवत नव्हतं.

वहिनीने डोळे पुसले ते अगदी कोरडे होईपर्यंत. "सहा आठवडे मी आठ माणसांचा राग राग करत होते," ती म्हणाली. "पोस्टमन दारात आला तरी वाटायचं, हाच असेल. किराणावाल्याकडून साखर आणायला पाय उचलायचा नाही. त्या सात जणांशी आता मला बोलता येईल." ती दादाकडे वळली. "तुमच्याशी नाही येणार. आज तरी नाही. कारखान्यात उद्यापासून येऊ नका. आणि आता जा, त्या डॉक्टरला सोडवा."

दादाने मान हलवली. तो खाली गेला. त्याने कामाचा डगला काढला, नळावर तोंड धुतलं, आणि पलीकडच्या बाईंनी त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं, ते मला खिडकीतून दिसलं. मीही निघणार होते. मलाही तिकडे जबाब द्यायचा होता, दोन काडतुसं कुणाच्या हातात ठेवली ते.

"थांब गं," वहिनी म्हणाली.

मी थांबले.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलायचं मनात आलं. नाही असं नाही.

"त्याच संध्याकाळी," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी उलट काही तरी बोलले असते, तोंड आहे मला.

"सहा रविवार," ती म्हणाली. "सहा रविवार तू इथे बसलीस. माझा हात हातात घेऊन बसलीस. आणि मी तुला विचारायचे, तो एकटा असताना गेला का गं, त्याच्याजवळ कुणी होतं का. तू काय म्हणायचीस?"

"मला माहीत नाही, म्हणायचे."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. वहिनीने मान फिरवून मशीनचं चाक पुन्हा हाताने फिरवलं आणि मी जिना उतरले.