पालक म्हणतात

शाळेच्या वेबसाईटवरचं ‘पालक म्हणतात’ हे पान पालकांनी लिहिलेलं नव्हतं. ते क्रांतीने घरी बसून लिहिलं होतं. चार आयांना फोन केले, त्यांचे फोटो मागवले आणि वाक्यं स्वतःच रचली. तळवली गावची सुचिता तर हसलीच होती. “मना कुठं असं लिवता येतंय, ताई? तुमीच लिवा.”

मग क्रांतीने सुचिताच्या नावावर लिहिलं, ‘बसमध्ये मदतनीस ताई असतात, म्हणून मी निर्धास्त असते.’ क्रांतीच्या प्रियदर्शिनीला न्यायला येणाऱ्या बसमध्ये ताई होती. रोज दंडाला धरून वर घ्यायची. म्हणजे सगळ्याच बसमध्ये असणार, असं ती धरून चालली. सोसायट्यांच्या बसला ताई आणि गावाकडच्या बसला नुसता ड्रायव्हर, हे तिला सोमवारी कळलं. सुचिताची चार वर्षांची लेक मागच्या सीटवर झोपून राहिली, आणि ड्रायव्हर बस उन्हात लावून, कुलूप घालून निघून गेला. दुपारी तीनला सापडली. अजून शुद्धीवर नव्हती.

संध्याकाळी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या रूपेशशेठचा फोन आला.

“मॅडम, ते पान काढू नका हां. ताई असतात असं आईच म्हणतेय ना? वकिलाला तेच पायजे.”

“पण सर, ते मी लिहिलंय.”

“तुम्ही टाईप केलं. म्हणणं तिचं. टेन्शन नका घेऊ. प्रियदर्शिनीची पहिलीची सीट पक्की समजा.”

वेबसाईटच्या या कामाच्या बदल्यातच प्रियदर्शिनी तिथे फुकट शिकत होती. दुसरी चांगली शाळा त्यांना झेपणारी नव्हती.

तासाभराने हॉस्पिटलमधून सुचिताचा फोन आला. मागे कसलं तरी मशीन वाजत होतं.

“ताई, पोलीस मना म्हनतान, बसमदी बाई असती असं तुमीच लिवलंय. मी लिवलंय का ओ?”

क्रांतीने खेळणाऱ्या लेकीकडे पाहिलं.

“नाही. मी लिहिलं. उद्या चौकीत येऊन सांगते.”

सुचिता म्हणाली, “मंग तवाच का नाय इचारलंत, आमच्या बसमदी बाई हाय का?”



फोन ठेवून क्रांतीने रूपेशशेठना दोन ओळींचा मेसेज टाकला: पान मी लिहिलंय, उद्या चौकीत तसंच सांगणार आहे. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर नाही.

सकाळी मायलेकी सोसायटीच्या गेटवर उभ्या राहिल्या. बस आली, जराही हळू न होता पुढे गेली. दारातली ताई दुसरीकडे बघत होती.

“आई, ताई विसरली?” प्रियदर्शिनीने विचारलं.