कमानीवरचं बेचाक

माझं माहेर सुमात्राचं. आमच्या बटक लोकांत नको असेल तर तोंडावर नको म्हणतात, तेही मोठ्यानं. लग्न होऊन योग्या शहरातल्या या गल्लीत आले, केस पिकले, पण इथली गोड हसून मान डोलवायची रीत मला अजून पचलेली नाही. घराला आग लागलेली असली तरी ही माणसं म्हणतील, "या ना, बसा!"

शेजारची सार्जिनेम त्यातली पहिल्या नंबरची. तिचा नवरा, पाक वागिमान, म्हणजे लोकांचा वागिमानकाका, जन्मभर बेचाकचे पायडल मारत आला. तीनचाकी सायकलरिक्षाच ती: मागे हा, पुढे सवारीची गादी. मग अंगावरून वारं गेलं. पाय गेले, वाचा गेली, उरला एकच शब्द, 'नको'. मानसुद्धा आडवीच हलायची. चहा? नको. आणि पेला रिकामा! आम्ही हसायचो, तोही हसायचा.

रोज संध्याकाळी सार्जिनेम त्याला त्याच बेचाकच्या गादीवर बसवून पुलापर्यंत ढकलत न्यायची. तिथे जुने बेचाकवाले आल्याचा चहा पीत बसत. चाकाची खुर्ची आमच्या दगडी चढावर उलटते, म्हणून बेचाकच बरं. तेवढ्या संध्याकाळसाठी तो माणूस दिवसभर दाराकडे डोळे लावून असायचा.

ऑगस्टात स्वातंत्र्यदिनाला प्रत्येक गल्ली आपल्या तोंडाशी कमान उभारते, त्याची स्पर्धा असते. यंदा कमान करायला मास बिमो, म्हणजे बिमोदादा, आला. पोरगा गुणी, पण जकार्तात वाढलेला. म्हणाला, रंगीत कागद नकोत, घरातलं टाकाऊ सामान द्या. लोकांनी मोडके पंखे, पातेली, खुर्च्या आणून ढीग घातला. मग त्याची नजर सार्जिनेमच्या भिंतीला टेकलेल्या बेचाकवर गेली. मी तिथेच भाजी निवडत होते. त्यानं सार्जिनेमला हाक मारली; इथे काकूला बु म्हणतात.

"बु, हे पडूनच आहे ना? कमानीच्या मधोमध काय शोभेल!"

"इश्श, गंजलंय हो ते."

"गंज तर हवाच! नेऊ का?"

"विचारायचं काय त्यात, मास? तुमचंच समजा."

गंजलंय म्हटलं की देणार नाही, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. बिमोला कुठून कळणार? तेवढ्यात आतून वागिमान ओरडला, "नको! नको!"

बिमो थबकला. "पाक नको म्हणतायत?"

आणि ही बया हसून म्हणते, "अहो, ते सगळ्यालाच नको म्हणतात."

बेचाक वर चढलं, चारी बाजूंनी वेल्डिंग झालं. वागिमान घरात अडकला. खिडकीतून त्याला तेच दिसायचं. खाली उभं राहून लोक फोटो काढायचे.

"जा आणि परत माग!" मी सार्जिनेमला झापलं. ती गेली, बिमोला तळलेली केळी देऊन आली. "मागितलंस?" तर म्हणे, "तो इतका खूश होता गं." माझं डोकंच फिरलं. मी स्वतः जाऊन त्याला सगळं सुनावलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

कमानीला पहिलं बक्षीस मिळालं. ती कायमची ठेवायची ठरली. समारंभाला चौघांनी वागिमानला खुर्चीसकट उचलून कमानीखाली आणलं. बिमो सगळ्यांदेखत त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"पाक, चुकलं माझं. बेचाक काढलं तर कमान कोसळेल, कोसळू दे. उतरवून देऊ का?"

वागिमाननं तोंड उघडलं. "न..." एवढंच आलं, आणि त्यानं ओठ घट्ट मिटले. मानेला तर त्यानं हलूच दिलं नाही. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

सार्जिनेमनं एकदा त्याच्याकडे, एकदा सगळ्या गल्लीकडे बघितलं. ती हसली. "राहू द्या हो, मास. किती छान दिसतंय!"

"अगं, खरं बोल की!" मी किंचाळले.

"बु तिउर भडकल्या!" कोणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले, टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. सार्जिनेमनं चहाचा पेला त्याच्या ओठांशी नेला. "घेणार ना?" तिनं विचारलं, आणि नेहमीच्या 'नको'साठी ती थांबली. मीही थांबले.

वागिमान काहीच म्हणाला नाही. गुपचूप चहा प्यायला.