कोकसायचा टोपीवाला थांबा

मित्रांनो, कोकसाय गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता जिथे डोंगराला खांदा लावून वळतो, तिथे काँक्रीटची एक पांढरी टोपी उभी आहे. आमच्याकडचे पुरुष घालतात तशी, उंच, निमुळती, काठाला नक्षी असलेली. ती टोपी म्हणजे मी. वयाने जुना, कामाने बसथांबा.

माझा जन्म झाला तेव्हा राज्य वेगळे होते आणि हुकूम फार लांबून येत. कुणीतरी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि मी इथे उभा राहिलो. इथेच का, असे कुणी विचारले नाही. तेव्हा रस्ते प्रश्नांवाचूनच होत असत. माझ्या अंगावरच्या निळ्या फरशा ओस्कोन नावाच्या तरण्या गवंड्याने बसवल्या. मेंढ्याच्या शिंगांची वळणदार नक्षी त्याने एकेक तुकडा तोडून, फुंकर घालून जुळवली. मागच्या भिंतीपर्यंत येता येता निळ्या फरशा संपल्या. मग तालुक्याच्या सार्वजनिक न्हाणीघरातून उरलेल्या हिरवट फरशा आल्या. त्यामुळे समोरून मी सणासुदीचा दिसतो आणि पाठीमागून अंघोळीचा. गावाने या गोष्टीवरून ओस्कोनला पुष्कळ छळले, पण दुसऱ्या गावचा माणूस हसला तर तेच लोक त्याच्या अंगावर धावून जात.

ती माझी भरभराटीची वर्षे. लोकरीची गाठोडी, बटाट्यांची पोती, फौजेत निघालेली मुले, माहेरी निघालेल्या सुना, सगळे माझ्या पोटात बसून वाट पाहत. मला वाटते, वाट पाहणाऱ्या माणसाइतके खरे माणूस दुसरे नसते. त्याच्या हाताला काम नसते आणि चेहऱ्यावर पडदा नसतो.

मग एका वसंतात डोंगर सैल झाला. बर्फाच्या पाण्याबरोबर चिखलाचा लोंढा उतरला आणि वरची घरे गिळून गेला. माणसे वाचली, पण घरे खाली नदीकाठी बांधावी लागली, ओस्कोनने पूर्वी वारा अडवायला लावलेल्या पॉप्लर झाडांच्या आडोशाला. गाव खाली गेले, मी वरच राहिलो. थांब्याला चालता येत नाही, मित्रांनो. म्हणून माझ्यापर्यंत चालत येणे माणसांच्या नशिबी आले.

रोज सकाळी महामार्गाच्या कडेकडेने कानिशाय येई, ओस्कोनची सून. नवरा परदेशात बांधकामावर, घरी सासरा आणि लहानगी मेरिम. मेरिमची शाळा पलीकडच्या गावात. हिवाळ्यात अजून अंधार असताना त्या दोघी यायच्या. ट्रकचे दिवे अंगावर आले की कानिशाय मुलीला आपल्या आणि डोंगराच्या मध्ये घेई. एका माघात त्या आल्या तेव्हा मेरिमचे दप्तर फाटलेले होते आणि गाल खरचटला होता. बाकावर बसवून आईने तिच्या केसांतला बर्फ झाडला.

"आजोबांना काय सांगायचं?" मेरिमने विचारले.

"बर्फात पडलीस म्हणून सांग. झोप लागत नाही त्यांना आधीच."

त्याच वर्षी बातमी आली की रस्ता रुंद होणार. दोन प्रांतांना जोडणारा हा रस्ता सरळ आणि वेगवान करायचा. पैसा पुष्कळ देशांनी मिळून काढलेल्या एका बँकेकडून कर्जाने मिळणार, आणि त्या बँकेची अट अशी की आराखडा पक्का करण्याआधी रस्त्याकाठच्या लोकांना विचारायचे. प्रत्येक गावाला एकच थांबा, पण चांगला: बस आत वळायला जागा, दिवा, कठडा. विचारायला प्रांताच्या रस्ते कचेरीतून आयसुलू नावाची बाई आली. समाजमंदिराचे छप्पर खचलेले, म्हणून सभा माझ्याच सावलीत भरली.

मी हरखलो होतो. इतक्या वर्षांत माझ्यापाशी कुणी रस्त्याबद्दल काही विचारायला आले नव्हते.

पण कोकसायच्या लोकांनी एक चूक केली, आणि ती तेच करू जाणतात. त्यांनी सभेला आलेल्या बाईला पाहुणी समजले. चादर अंथरली, कणकेचे तुकडे तळून केलेल्या बोर्सोकांचा ढीग ओतला, घोडीच्या दुधाचे कुमिस आणले. म्हातारा तोलोगोन, ज्याची जीभ गावातल्या सगळ्या घोड्यांहून वेगाने धावते, तो यजमान झाला.

"आजोबा, मी विचारायला आलेय, जेवायला नाही," आयसुलू म्हणाली.

"मग खाता खाता विचारा की. रस्ता कुठं पळून जातोय? इतकी वर्षं दुरुस्तीची वाट बघत पडलाय बिचारा."

"आराखड्याबद्दल कुणाची काही तक्रार?"

"पाहुण्यापुढं तक्रार?" तोलोगोनने डोळे वटारले. "बाई, तुम्ही आम्हाला काय समजता? कुमिस घ्या आणखी."

सगळे हसले. खाऊ घातलेल्या माणसाला नकार द्यायचा नाही, त्याच्या कामात खोट काढायची नाही, ही इथली रीत. शेवटी ओस्कोन उठला. दाढी पांढरी झालेली, पण हात अजून गवंड्याचेच. त्याने माझ्या फरशीवर तळवा टेकवला.

"एकच मागणं आहे. आमचा थांबा हाच राहू द्या. रस्ता जरासा वळवून घ्या, पण याला हात लावू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आयसुलूने आनंदाने लिहून घेतले: हरकत नाही, मागणी एक, मान्य. माझ्या काँक्रीटमध्ये ऊब पसरली, हे मी लपवत नाही. मग मला कानिशाय दिसली. ती कडेला उभी राहून वाट्यांत चहा ओतत होती. एक वाटी भरून वाहू लागली तरी तिला कळले नाही.

निघताना आयसुलू सगळ्यांकडे बघून म्हणाली, "हे अजून पक्कं नाही. कापणी झाली की मी पुन्हा येईन. तोवर ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलावं. बायकांनीही."

कापणी झाली, ती आली. या वेळी वारा होता. नकाशावर चारी कोपऱ्यांना दगड ठेवावे लागले. आयसुलूने बोर्सोकाला हात लावण्याआधीच आराखडा वाचून दाखवला आणि शेवटचे विचारले: "कुणाचं काही?"

कानिशायने किटली खाली ठेवली.

"बाई, थांबा इथं नको."



"ओस्कोन!" तोलोगोन ओरडला, "सांभाळ रे बाबा! तुझी सून तुझ्याच टोपीला हात घालतेय!"

हशा पिकला. ओस्कोन हसला नाही. कानिशायने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, पण ती बसली नाही.

"कुठे हवा मग?" आयसुलूने हळू विचारले.

"खाली. झाडांपाशी."

"कोणती झाडं? इथे दाखवा." 

कानिशाय नकाशापाशी गुडघ्यांवर बसली. तिचे बोट नदीच्या निळ्या रेघेवरून सरकत गेले आणि कोऱ्या कागदावर थांबले.

"इथे तर काहीच नाही," आयसुलू म्हणाली.

"आम्ही आहोत."

नकाशा लोंढ्याच्या आधीचा होता, मित्रांनो. नवे गाव त्यावर अजून जन्मलेच नव्हते.

आयसुलूचा चेहरा उतरला. "हे मी तपासायला हवं होतं," ती म्हणाली. "आता नोंदीत त्या जागेला काय म्हणू? तुम्ही तिला काय म्हणता?"

कानिशायचे ओठ उघडले आणि मिटले. त्या जागेला सगळे गाव ज्या नावाने ओळखते, ते तिच्या सासऱ्याचे नाव. आणि आमच्याकडे सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव सुनेच्या तोंडी कधी येत नाही. लग्न होऊन आल्या दिवसापासून नाही, म्हातारपणी नाही, विलापातही नाही.

"ती… ज्यांनी लावली, त्यांची झाडं."

"कोणी लावली?"

"घरातल्या मोठ्यांनी."

"घरातला मोठा म्हणजे बोकड का गं?" तोलोगोन म्हणाला, पण या खेपेस हशा अर्ध्यावरच विरला. तिथल्या प्रत्येकाला जागा ठाऊक होती. नाव मात्र कुणी उच्चारले नाही. ते उच्चारणे म्हणजे ओस्कोनच्या विरुद्ध उभे राहणे होते. आयसुलू याच मातीतली. तिला सगळे उमगले. तिने लेखणी तशीच धरून ठेवली आणि वाट पाहिली. मी आयुष्यभर वाट पाहणारी माणसे पाहिली आहेत, पण दुसऱ्याच्या शब्दाची इतकी आदराने वाट पाहणारे माणूस विरळा.

"का नको इथं?" ओस्कोन अखेर बोलला. त्याचा आवाज माझ्यासारखाच खरखरीत झाला होता. "काय वाईट केलं यानं तुझं?"

"यानं काही नाही केलं, मामंजी." ती मातीकडे पाहत होती. "याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेनं केलं. आता रस्ता रुंद झाला की ट्रक आणखी जोरात जातील. आपली मेरिम गेल्या हिवाळ्यात पडली होती ना…"

"बर्फात पडली म्हणालीस."

"बर्फातच पडली. पण ट्रकनं पाडली. दप्तर चाकाखाली ओढलं गेलं. पट्टा तुटला म्हणून ती वाचली."

ओस्कोन माझ्याकडे वळला. त्याचा तळवा पुन्हा माझ्या फरशीवर आला. शिंगांची नक्षी जिथे वळते त्या जोडावरून अंगठा फिरला. तरुणपणी फुंकर घालताना त्याचा जो श्वास माझ्या अंगाला लागे, तो मला त्या क्षणी जाणवला. मग त्याने हात काढून घेतला आणि नकाशाजवळ जाऊन बसला.

"लिहा बाई. ओस्कोनची पॉप्लरं. ओस्कोन म्हणजे मी."

"आणि तुमचं आधीचं मागणं, आजोबा?"

"खोडा."

तोलोगोनने आपली टोपी काढली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा घातली. "माझंही तेच लिहा," तो म्हणाला. मग एकेक जण पुढे आला.

आराखडा बदलला. बँकेने नवा नकाशा मागवला, काम एक ऋतू लांबले, काही लोकांनी त्याबद्दल कुरकुरही केली. आता खाली पॉप्लरांपाशी पत्र्याचा एक साधा थांबा उभा आहे. त्याला दिवा आहे, कठडा आहे, नक्षी नाही. नवा रस्ता सरळ माझ्यावरूनच जाणार असल्यामुळे या आठवड्यात मला पाडतील. काल ओस्कोन आला होता. एखादी फरशी काढून नेईल असे मला वाटले, पण तो नुसता बाकावर बसला. "रागावू नकोस," एवढेच म्हणाला. मी कसा रागावणार?

मित्रांनो, मला वाचवा असे मी तुम्हाला म्हणणार नाही. सुंदर वस्तू जपाव्यात, जरूर जपाव्यात. पण वस्तू ज्यांच्यासाठी घडली त्यांची वाट आधी जपावी. तुमच्या गावात कुणी कधी विचारायला आले, तर त्याला चहा द्या आणि खरेही सांगा. आणि कधीच न बोलणारे माणूस बोलायला उभे राहिले, तर त्याला शब्द सापडेपर्यंत थांबा.

आज सकाळी बस आली. माझ्यापाशी कुणी नव्हते, ती थांबली नाही. मागच्या काचेशी मेरिम बसली होती. खालच्या थांब्यावर चढलेली, अंथरुणाची ऊब अजून अंगावर असलेली, अर्धवट झोपेत, गाल काचेला टेकलेला. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. किती बरे वाटले.